खालचे ढापे

४ मे ९८, सोमवार

विहिरीला आजही पाणी. निम्मा दोर सोडला की घागर बुडते. या वस्तीत नांदायला आल्यापासून मे महिना म्हणजे नदीत झिरा उकरायचा आणि वाटीवाटीनं हंडा भरायचा, एवढंच माहीत. यंदा बंधाऱ्यात तुडुंब पाणी अडलंय, त्याचा पाझर आमच्या विहिरीला. कमळ (शेजारीण, तोंडानं माझ्यापेक्षा फाटकी, म्हणजे बघा) म्हणाली, "शशे, ती चुंबळ घाल आता चुलीत."

सु. (नवरा) घरीच. कारखान्याचा सीझन संपला, मशिनी खोलायला फिटर लोकांना अजून बोलावणं नाही. सकाळपासून घराच्या भिंती चाचपत हिंडतोय. नदीच्या अंगाला पायात ओल आली म्हणे. मी म्हणलं, नदीकाठी घर बांधलंय तर ओल नाही येणार तर काय ऊन येणार? तरी चाचपतोच आहे. घर बांधून तीन वर्षं झाली, अजून याचं कौतुक सरत नाही. माझंही नाही, पण मी बोलून दाखवत नाही.

९ मे, शनिवार

काष्टीचा बाजार. मिरच्या, हळकुंडं, आत्यांच्या (सासूबाई) चष्म्याला दोरी. येताना बघते तर बंधाऱ्याच्या टोकाला बुलडोझर. बंधाऱ्याचं दगडी काम संपतं तिथून आमच्या काठापर्यंत मातीचा भराव आहे. त्याला लागूनच काठ कापून खाली रस्ता काढलाय, वाळूच्या ट्रकांना बंधाऱ्याखालच्या कोरड्या पात्रात उतरायला. दिवसभर धुरळा वस्तीच्या बालवाडीत. पोरं खोकून बेजार.

ट्रकवाल्याला आडवी गेले. "बाई, तात्पुरता रस्ता हाय. पाऊस लागायच्या आत बुजवून देत्यात."

"कोण बुजवणार, तुझा बाप?"

"बाप न्हाई, ठेकेदार." दात काढून हसला मेला.

११ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. विहारात वंदना, मग खीर. पहिल्यांदाच खिरीसाठी पाणी मोजून वापरलं नाही, भांडीसुद्धा दोनदा विसळली. संध्याकाळी रेडिओवर बातमी, राजस्थानच्या वाळवंटात बॉम्बची चाचणी. आत्या म्हणाल्या, "आजच्या दिशी?" आणि उठून रेडिओ बंद केला. मला दिवसभर इतकं चांगलं वाटत होतं. त्यानंतर काही वाटेना.

२४ मे, रविवार

ग्रामसभा. विषय एकच, ढापे.

दरवर्षी मे अखेरीला बंधाऱ्याच्या गाळ्यांतले लोखंडी ढापे काढून नदी मोकळी करायची, पावसाळा सरला की परत बसवायचे. बंधारा झाल्यापासून हे काम आमच्या वस्तीतल्या माणसांचं. यंदा आबा उठले (पाणी संस्थेचे चेअरमन, गावातला निम्मा ऊस त्यांचा). म्हणाले, "आत्ता ढापं काढलं तर ऊस जळंल. पाऊस पडंस्तवर थांबू." मग आम्हा बायकांकडं तोंड करून, "अन वस्तीची हीर बी आटंल. तुमीच सांगा बायांनो, काढायचे का?" हुशार माणूस.

पाटबंधारे खात्याचे रावसाहेब आलेले. ते म्हणाले, मृगाच्या आत काढा, नंतर माझ्याकडं येऊ नका. पण त्यांना चहा दिल्यावर तेही बसले.

थांबू म्हणायला सगळ्यांच्या आधी आम्हा बायकांचे हात वर. कमळनं तर दोन्ही केले.

सु. नं नाही केला. वाटेत म्हणाला, "ढापा कोरड्यात निघतो. पाणी दाबून बसलं का न्हाई निघत." मी म्हणलं, मग तुम्ही आणा डोक्यावर हंडा. "आणतो की." आणणार कपाळ! एवढ्या वर्षांत एकदा आणला होता, तोही सायकलवर, निम्मा सांडून.

८ जून, सोमवार

मृग निघाला. नुसता वारा. पत्रे रात्रंदिवस खडखडतात. सु. नं चेन-ब्लॉकला (ओझं ओढायची साखळी-कप्पी) ग्रीस लावून ठेवलंय, आबांना दोनदा विचारून आला. "पाऊस कुठाय?" म्हणाले.

आमची पोरगी सोनल आज नगरला गेली, वसतिगृह उघडलं. जाताना म्हणाली, आई, पुढच्या मे मध्ये पण असंच पाणी असू दे गं. पोरीनं आयुष्यात पहिली सुट्टी पाणी न भरता काढली.

ट्रक चालूच. भरावाची माती रोज थोडी ढासळते. मी म्हणते, माझ्याशिवाय कुणाला दिसत नाही का? दिसतं सगळ्यांना. ज्याला त्याला वाटतं दुसरा बोलेल.

२० जून, शनिवार

इथं टिपूस नाही, पण वर मावळात लागलाय. नदीला तांबडं पाणी आलं. दुपारपर्यंत ढाप्यांवरनं सांडायला लागलं, तसे आबा स्वतः फटफटीवर वस्तीत. सु., कमळचा नवरा बबन, आणखी सात-आठ जण गेले. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून वरचे ढापे सगळे काढले, पार पल्याडच्या, पुणे जिल्ह्याच्या काठापर्यंत.

खालच्या दोन रांगा काढायला लागले तर आबा म्हणाले, "बास. तेवढं ऱ्हाऊ द्या. मोटरी उघड्या पडतील. पाऊस नीट बसला का काढू."

"आबा, एकदा का गाळ बसला..."

"आरं सुदाम, तू फिटर हायस का जोशी?"

सगळे हसले. सु. पण हसला. ते मला अजिबात आवडलं नाही. घरी येऊन सांगताना पण हसत होता. म्हणलं, हसायला काय झालं? म्हणाला, "मग काय करू? सगळ्यांनाच तेवढं पाणी पायजे हुतं. तुलाबी."

यावर मी भाकरी थापत राहिले.

५ जुलै, रविवार

नदी उतरली. ऊन पडलं. ठेकेदार ट्रक घेऊन गेला, रस्ता तसाच उघडा. आम्ही सात-आठ बायका आबांच्या दारात. "बघतो" म्हणाले. बघतो म्हणजे काय ते आता शाळेतलं पोर पण सांगेल.

रस्त्याच्या पायथ्याला डबकं साचलंय आणि त्यात पाणी एकाच जागी फिरतंय. वरून येत नाही, कडेनं येत नाही, तरी फिरतंय. म्हणजे भरावाच्या आतून येतंय. आणि भरावापासून कमळच्या गोठ्यापर्यंत जमिनीला भेग. माझा हात मनगटापर्यंत आत गेला, आत गार.

कमळ म्हणाली, "उंदराचं बीळ असंल."

"लई लांबुळका उंदीर आहे तुझा."

हसलो दोघी. घरी आल्यावर हात धुतला तरी तो गारवा जाईना. सु. ला सांगितलं. बघून आला आणि जेवला नाही.

१९ जुलै, रविवार

पाऊस बसला, चार दिवस रोज. सु. आणि बबन खालचे ढापे काढायला गेले. हलेनात. गाळ बसून खाचेतच चिणून गेलेत. चेन-ब्लॉकनं ओढलं तर ढाप्याचा कानच तुटून हातात आला. आबांना सांगितलं. आबा म्हणाले, "आता पाणी वसरल्यावर." मी मनात म्हणलं, आणि नाही वसरलं तर?

२६ जुलै, रविवार

आज नदी वेगळी दिसते. वरून जलपर्णी आली, पुण्याकडची ती हिरवी घाण, शेतंच्या शेतं तरंगत यावीत तशी. तिच्यात बाभळी, प्लास्टिक, एक मेलेलं रेडकू. खाली गाळ आणि ढापे, वर ही. गाळे एकेक करून बुजत गेले. दुपारी चारला बघितलं तर बंधारा नाहीच, नुसती हिरवी भिंत, आणि तिच्यामागं पाणी फुगतंय.

फुगलेलं पाणी कुठं जाणार? जिथं काठ कापलेला आहे तिथं.

माणसं बांबू घेऊन ढोसत होती. आबा भिजून उभे.  एवढा गलका करणारं आमचं गाव, पण आज नुसता पाण्याचा आवाज.

२७ जुलै, सोमवार

भराव गेला. सकाळी दूध तापवत होते तेव्हा "धप्प" असं आलं, पाय ठेवला होता ती फरशी हलली. बाहेर येऊन बघते तर ट्रकांचा रस्ता नाही. तिथं नदी. बंधाऱ्याला वळसा घालून वाट काढली तिनं, आमच्या बाजूनं. बंधारा मधे नुसता खुळ्यासारखा उभा.

दिवसभर धप्प, धप्प. दर वेळी काठाचा एक तुकडा. कमळच्या गोठ्याला लागून असलेली शेवग्याची झाडं उभीच्या उभी पाण्यात गेली, थोडं अंतर तशीच उभी वाहिली.

बालवाडी बंद. आत्या वंदनेचं पुस्तक उघडून बसल्यात, पान उलटत नाहीत.

२ ऑगस्ट, रविवार

पाणी जरा उतरलं. रावसाहेबांचं म्हणणं, अजूनही खालचे ढापे निघाले तर पाणी मधून जाईल, काठावरचा जोर कमी होईल. म्हणजे जे काम मे मध्ये उन्हात बिड्या ओढत झालं असतं ते आता पुरात करायचं.

सु. गेला. मी नको म्हणलं. म्हणाला, आपलंच घर हाय ना पुढं? कमरेला दोर. दोर धरायला बबन आणि, खोटं नाही, आबा स्वतः. साठीचा माणूस, धोतर खोचून.

हूक ढाप्यात अडकला. ओढायला लागले. ढापा थोडा तिरका झाला आणि त्या फटीनं पाणी असं ओढलं गेलं की सु. छातीनं ढाप्यावर आपटला. दिसेनासाच झाला. मी काठावर. मी ओरडले का नाही मला आठवत नाही. कमळ म्हणते लई ओरडलीस. आबा आणि बबननं ओढून काढला. आबांच्या तळहाताची साल दोराला राहिली.

मी आबांना सगळ्यांदेखत नको नको ते बोलले. चेअरमन म्हणलं नाही, वय बघितलं नाही. आबा ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "बोल पोरी. पर त्याला परत पाण्यात जाऊ दिऊ नको."

ढापा तिथंच, तिरका. खड्ड्यात गेले ढापे. सु. ची छाती हिरवी-निळी झालीय, खोकला की कळवळतो. मला माणूस पाहिजे. बाकीचं मग बघू.

९ ऑगस्ट, रविवार

रावसाहेब परत आले, बरोबर नगरचे मोठे साहेब. छत्री धरून काठावर उभे. साहेब इंग्रजीत बोलले. रावसाहेबांना मी बाजूला गाठलं, म्हणलं आम्हाला कळेल असं सांगा. बिचारे चष्मा पुसत म्हणाले, "बाई, नदीला आता इकडून उतार जवळचा झालाय. मोठा पूर आला तर ती जुन्या पात्रात जाईल का इकडूनच जाईल, मी सांगू शकत नाही. इकडून म्हणजे तुमच्या वस्तीतून."

"मग आम्ही काय करावं?"

"पावसाळा संपला की काठाला दगड रचून पिचिंग करायचं मंजूर करून घेऊ."

पावसाळा संपला की. नदीला निरोप धाडा मग, थांब म्हणावं.

आबांनी वाळूची पोती टाकायला लावली. कारखान्याची रिकामी पोती, नदीचीच वाळू. संध्याकाळपर्यंत निम्मी गेली.

१५ ऑगस्ट, शनिवार

शाळेत झेंडा. काठाकडच्या सहा घरांचं निम्मं सामान शाळेच्या दोन खोल्यांत आणून ठेवलेलं, म्हणून पोरांचं संचलन व्हरांड्यातच. पेढे वाटले. सरपंचांनी भाषणात आमचं नाव घेतलं, "आपले पूरग्रस्त बांधव". कमळ माझ्या कानात, "अजून घर उभं हाय गं माझं, आत्ताच ग्रस्त कशाला करतोय?"

कमळच्या ओट्यापासून काठ आता एक बैलगाडी जेमतेम वळेल इतकाच लांब. ओट्यापुढं तुळशीवृंदावनाएवढा एक सिमेंटचा चौथरा होता, धुणं धुवायचा. तो गेला. त्याच्या आवाजाला आता कुणी दचकत नाही. मला याचीच भीती वाटते.

रोज उठून आधी नदी बघायची, मग तोंड धुवायचं, अशी सवय लागलीय.

२३ ऑगस्ट, रविवार

कमळचं घर गेलं.

भर दुपारी. ऊन होतं. पाऊस नाही, नदीला फार पाणी पण नाही. आम्ही सगळे बघत उभे. आधी मागची भिंत, मग पत्रे वाकले, मग सगळं एकदम खाली बसलं. धूळ उडाली. नदीत पडताना घराची धूळ उडते हे मला माहीत नव्हतं.

 मी कमळला धरून बसले. बबन म्हणत होता, "देवळीत घड्याळ ऱ्हायलं, देवळीत घड्याळ ऱ्हायलं." तेवढंच परत परत.

तिचं गेलं, आता पहिलं घर आमचं.

३१ ऑगस्ट, सोमवार

तलाठी पंचनाम्याला. बबन-कमळला वरच्या गायरानात प्लॉट मिळणार, तसं वरून ठरलंय. मी विचारलं, आमचं काय? आम्ही आत्ताच घर मोकळं करून वर जातो, जागा द्या.

तलाठी माणूस वाईट नाही. म्हणाला, "ताई, घर पुरानं गेलं तर प्लॉट. मालकानं स्वतः उतरवून घेतलं तर त्याला पडझड म्हणता येत न्हाई. नियम हाय."

"म्हणजे वाहून जायची वाट बघायची?"

"मी असं कुठं म्हणलो?"

तसं नाही म्हणाला. पण दुसरं काय म्हणाला ते मला अजून कळलेलं नाही. आबा शेजारीच होते. म्हणाले, मी माझ्या रानातली जागा देतो वस्तीला. सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. मग त्यांचा थोरला मुलगा म्हणाला, "आबा, घरी चला, आधी बोलू." घेऊन गेला त्यांना. त्यानंतर आबा वस्तीकडं आले नाहीत. आजारी आहेत म्हणतात.

५ सप्टेंबर, शनिवार

सकाळी भोंग्याची जीप फिरली. वरची धरणं भरली, उद्यापासून नदीत मोठं पाणी सोडणार, काठच्या लोकांनी सावध राहावं. सावध राहावं म्हणजे नेमकं काय करावं ते जीपवाल्यानं सांगितलं नाही. एक फेरी मारून पुढच्या गावाला.

सामान सगळं शाळेत पोचलं. आत्या पण. जाताना घराकडं वळून बघितलं नाही त्यांनी, सरळ चालत गेल्या. आता इथं आम्ही दोघं आणि भिंती.

सु. नं पहार आणलीय. दाराची चौकट सागवानी आहे, दोन खिडक्या, वरचे पत्रे, स्वयंपाकाच्या ओट्याची कडप्पा फरशी. म्हणतो, "एवढं निघालं तर कुठंबी घर उभं करीन. नदीनं नेलं तर हातात काय ऱ्हातंय?"

खरं आहे. पण पहार लावली की आम्हीच पाडलं. मग प्लॉट नाही. आणि पाणी इथवर आलंच नाही तर? चांगलं उभं घर आपल्या हातानं मोडलं, याला काय म्हणायचं? आणि आलं तर?

दोन दारं सोडून बबनचा भाऊ पत्रे उतरवतोय, हातोड्याचा आवाज येतोय. त्याच्या पलीकडची माणसं उंबऱ्यात नुसती बसून आहेत. घर नदीनं न्यावं म्हणून बसलेली माणसं मी आज बघितली. जयभीम घातला तर मान हलवली.

मघाशी माझ्या मनात आलं, जायचंच असलं तर उद्या दिवसाउजेडी जाऊ दे, सगळं एकदम, तलाठ्याच्या समोर. आलं खरं मनात. माझ्याच घराबद्दल. 

सु. दारात उभा आहे, पहार टेकवून. छाती अजून दुखते त्याची, हात वर केला की ओठ आवळतो. मी पायरीवर बसून हे लिहितेय. मला वाटलं लिहिताना काहीतरी सुचेल. काठाचा एक तुकडा आत्ता पडला, लांब, धारेच्या बाजूला.

"मी ठरवत न्हाई," म्हणतो. "निम्मं घर तुझं हाय. शशे, उजेड हाय तंवर सांग."